चांदीचा करदोडा

३ नोव्हेंबर, सोमवार
पाचोडच्या बाजारात नुसते घसरून बसले, तर ह्यांचं उजवं मनगट मोडलं! प्लास्टर झालं. डॉक्टर म्हणाले, एवढ्याशानं मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झालीत का ते मशीनवर बघू. उद्या अकराला. तपासणी होईपर्यंत कॅल्शियमची गोळी बंद. तेव्हापासून हे घुम्यासारखे बसलेत. बहात्तर वर्षांचा माणूस — सुईला भितो. सुई नाहीये म्हटलं तरी!

४ नोव्हेंबर
काय तमाशा! मशीनवाली सोनिया म्हणाली, "काका, कमरेला धातूचं काही आहे? काढून ठेवा." ह्यांच्या कमरेला चांदीचा करदोडा. "नाय काढणार! गड्याचा करदोडा तिरडीवरच निघतो!" — आणि बसले बाकड्यावर, भिंतीकडे तोंड करून. आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. माणूस मरणाला भ्यालाय आणि सांगता येत नाही.

सोनिया मला म्हणाली, "मावशी, तुमची झालीय का कधी? साठीनंतर बायांची करतातच." डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. साडी सोडून त्यांचा झगा घातला. मंगळसूत्र काढून ह्यांच्याच हातात ठेवलं. ह्यांनी ते डाव्या मुठीत आवळलं.

उघड्या टेबलावर उताणी निजले. पायांखाली चौकोनी गादी. वरून मशीनचा दांडा हळूहळू सरकत गेला. हलायचं नाही, बस्स. ना बोगदा, ना टोचणं, ना दुखणं. दहा मिनिटं! भरदिवसा इतकं स्वस्थ पडायला मला कधी मिळालंय?

५ नोव्हेंबर
नळ आला. बावीस हंडे, एकटीनं. कंबर गेली.

६ नोव्हेंबर
चहा पिताना हे म्हणाले, "आधी काळा दोरा बांध, मंग चांदीचा काढ. कंबर मोकळी ठिवायची नाय." बांधला, आणि पुन्हा मशीनवर गेलो. दोरा चालतो, म्हणाली सोनिया. दहा मिनिटांनी बाहेर येऊन हे काय म्हणावेत — "ह्यात काय लई मोठं!"

८ नोव्हेंबर
दोन्ही रिपोर्ट आले. ह्यांची हाडं जराशी विरळ, गोळ्यांवर भागेल. माझा आकडा उणे तीनच्याही खाली — म्हणजे ह्यांच्याहून कितीतरी ठिसूळ. डॉक्टर म्हणाले, "आता हंडा उचलायचा नाही. मणका कधीही दबेल." मी हूं म्हटलं. भीती वाटली, खरंच वाटली. येताना पिशवी ह्यांनी डाव्या हातात घेतली, मला धरू दिली नाही.

९ नोव्हेंबर
उरलेला काळा दोरा ह्यांनी सकाळी माझ्या मनगटाला बांधला. एका हातानं गाठ बसेना — दातानं ओढली.