नदी वाहते तोवरचा करार

हॉल्म्सबर्ग, नेब्रास्का
फेब्रुवारीचा तिसरा रविवार, चर्चहून आल्यावर

तीर्थस्वरूप आर्डिथताईस,

धाकट्या एल्वुडचा, गुडघे न टेकता, नमस्कार. (टेकले तर उठवायला घरात मांजरीशिवाय कुणी नाही.) तुझा उजवा डोळा आता कसा आहे? डॉक्टरांनी दिलेले थेंब घालतेस, की मर्ल भावजींच्या औषधांसारखे खिडकीत मांडून ठेवतेस? माझं म्हणशील तर डावा गुडघा बर्फ पडायच्या एक दिवस आधी दुखतो आणि उजवा एक दिवस नंतर, त्यामुळे मधले दिवस मी खुर्चीत बसून शाळेतल्या कविता पुटपुटत काढतो. भूक बरी आहे. मन मात्र थाऱ्यावर नाही, आणि त्याला कारण तुझं शहर आहे, म्हणून हे पत्र तुलाच.

नाताळात फोनवर तू हसून विचारलंस, "अजून त्या माइकवर यमकं जुळवतोस का रे?" होय, जुळवतो. एक्केचाळीस वर्षं झाली. आपल्या कॉलेजच्या फुटबॉल संघातला प्रत्येक खेळाडू मैदानात धावत येतो तेव्हा मी त्याच्या नावाच्या दोन ओळी म्हणतो. या राज्यात असं दुसरीकडे कुठे होत नाही (आणि व्हायला नको, असं पाहुण्या संघांचं मत आहे). पूर्वी या कामात सुख होतं. पोरगा अठराव्या वर्षी यायचा, चार वर्षं मार खायचा, पदवी घेऊन व्हर्लिनच्या दुकानात ट्रॅक्टर विकायला लागायचा. दोन ओळी चार वर्षं पुरायच्या. दुसऱ्या वर्षी प्रेक्षकांना त्या पाठ व्हायच्या, तिसऱ्या वर्षी ते माझ्यासोबत म्हणायचे, चौथ्या वर्षी पोराची आई रडायची. कवीला आणखी काय हवं असतं?

आता खेळाडूंना उघडउघड पैसे देता येतात. द्यावेत. (अडतीस वर्षं पगार घेऊन कविता शिकवणाऱ्याला याविरुद्ध बोलायला तोंड नाही. ती पोरं हाडं मोडून घेत होती आणि तिकिटाचे पैसे आपण मोजत होतो, हे मलाही कळतं.) पण मोठ्या विद्यापीठांकडे तळी आहेत आणि आमच्याकडे बादली. आमच्याकडे कुणी जरा बरं खेळू लागला की जानेवारीत तो जातो आणि त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला नको असलेला येतो. गेल्या वर्षी पंच्याऐंशीपैकी एकसष्ट नवे होते. फ्लोरिडाहून माँटाल्व्हो नावाचा चेंडू फेकणारा आला. फार गोड मुलगा. त्याच्या आडनावाला यमक शोधण्यात माझे अकरा दिवस गेले, आणि ज्या दिवशी सापडलं त्या दिवशी तो टेक्ससला गेला. त्या ओळी मी मांजरीला ऐकवल्या. ती उठून गेली.

राहिला होता एक थेरन कुबिक. तुला लॅडी कुबिक आठवतो ना, आठवीत ज्याने तुझ्या डब्यात बेडूक ठेवला होता? त्याचा हा नातू. चेंडू छातीशी धरून पळतो. सबंध संघात आपल्या गावचा असा हा एकच. माझ्या ओळी संपल्या की तो धावता धावता वळून माझ्या माइकच्या खोपटाकडे बघतो आणि एक हात वर करतो. बाकीचे कानात काहीतरी खुपसून येतात. त्याच्या ओळी अशा:

कुबिक निघाला, व्हा बाजूला, वाट मोकळी सोडा,
मागे धूळ नि पुढती सीमा, मधे एकटा घोडा!

तर गेल्या मार्चमध्ये गावाने ठरवलं, काय वाटेल ते झालं तरी थेरनला जाऊ द्यायचं नाही. चर्चच्या तळघरात चिलीचा तिखट रस्सा आणि दालचिनीचा रोल असं वर्गणीचं जेवण ठेवलं. मार्व्हेला (केशकर्तनालयवाली, दुसरी कोण असणार) समितीची अध्यक्ष झाली. जमलेली रक्कम सांगत नाही, तू हसशील. पण त्याखेरीज अर्धी गाय कापून, कागदात गुंडाळून, फ्रीजरसह, आयुष्यभर फुकट केस कापणं, आणि व्हर्लिनचा जुना पिकअप ट्रक (दार आतून उघडत नाही) असा ऐवज जमला. थेरनने दोन वर्षं इथेच खेळायचं, एवढंच त्याबदल्यात.

"लिहून घ्यायला हवं," व्हर्लिन म्हणाला. "वकील बघू या."

"वकील कशाला?" मार्व्हेला म्हणाली. "वकील पैसे घेईल. आपले मास्तर आहेत की! अहो मास्तर, उठा, झोपताय काय? करार तुम्ही लिहायचा. आणि जरा छान लिहा, त्या पोराला सही करताना बरं वाटलं पाहिजे."

ताई, आयुष्यभर मी याच हाकेची वाट पाहत होतो. नऊ दिवस लिहीत होतो. मार्च महिना, नदी काठोकाठ, तिच्यात उत्तरेला निघालेले हजारो सारस उभे, त्यांचा तो घशातला गलका. (आपल्या संघाचं नाव सारस का ठेवलं असेल? ज्या पक्ष्याची सगळी कीर्ती निघून जाण्याबद्दल आहे, तो नेमका निवडला! संस्थापकांना कुणी अडवलं कसं नाही?) सहा कडवी झाली. त्यातलं मुख्य असं:

जोवर प्लॅटच्या पात्रामधुनी खळखळ वाहे पाणी,
तोवर थेरन इथेच खेळे, हीच आमुची वाणी.

मी वाचून दाखवलं तेव्हा मार्व्हेलाने डोळे टिपले. व्हर्लिनने विचारलं, "हे ठीक आहे, पण यात दोन वर्षं कुठे लिहिलीत?" मी म्हणालो, "दोन वर्षं काय घेऊन बसलास, नदी चिरंतन आहे." थेरनने दोनदा वाचलं, "सर, मस्त आहे," म्हणाला आणि सही केली. बँकेतल्या नोटरीबाईंनी शिक्का मारला. कवितेवर सरकारी शिक्का बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मोसम जसा जायचा तसा गेला. तीन जिंकलो, आठ हरलो, पण थेरन असा पळाला की शेवटच्या सामन्याला लोकांनी त्याच्या ओळी माझ्याआधी म्हटल्या. आणि जानेवारीत तुझ्या शहरातल्या त्या मोठ्या विद्यापीठाचं बोलावणं आलं. एका वर्षाचा आकडा कोचने मला हळू आवाजात सांगितला. मी अडतीस वर्षांत मिळवले त्याहून जास्त. मी म्हणालो, "कोच, पुन्हा सांगा." तो म्हणाला, "मास्तर, पुन्हा ऐकून कमी होणार नाही तो."

आमची समिती निर्धास्त होती. सही होती, शिक्का होता. मग थेरनच्या वतीने एका एजंटाचं पत्र आलं, सोबत एक फोटो. हमरस्त्याच्या पुलाखालची प्लॅट नदी, तारीख नऊ ऑगस्ट, पात्र कोरडं ठक्क, वाळूत गवत उगवलेलं आणि मधोमध एक गाय रवंथ करत उभी. फोटोच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचा अंगठा आलेला. पत्रात लिहिलं होतं की करारात ठरल्याप्रमाणे नदी वाहायची थांबली त्या दिवशी करार संपला, आणि त्यानंतरचा सबंध मोसम आमचे पक्षकार केवळ भिडेखातर खेळले.

तळघरात तो फोटो हातोहात फिरला.

"दर ऑगस्टला आटते ती, मास्तर!" मार्व्हेला किंचाळली. "दर ऑगस्टला! तुम्ही इथेच जन्मलात ना?"

"कवितेत आटत नाही," मी म्हणालो.

"सूर्य तळपतो तोवर गॅरंटी, असं लिहून मी कधी ट्रॅक्टर विकला नाही," व्हर्लिन म्हणाला. मग फोटो चष्म्याजवळ नेऊन, "ही गाय माझी आहे. तिथे कशी गेली ही?"

"आणि फोटो काढणारा तरी धड शोधायचा," मार्व्हेला म्हणाली. "एवढा मोठा एजंट आणि त्याला स्वतःचा अंगठा आवरत नाही!"

थेरन गेला. जाताना त्याने फ्रीजर परत आणून ठेवला, ट्रकही. मार्व्हेला माझे केस आता एक शब्द न बोलता कापते, आणि डावीकडे जास्त. कॉलेजच्या अध्यक्षीणबाई म्हणतात, अजून एखादं वर्ष बघू, नाहीतर हा खेळच बंद करू. बँडमध्ये चौघं उरलेत, त्यातला एक झांजा वाजवतो आणि तोच मधल्या वेळात मक्याच्या लाह्याही विकतो. पुढच्या वर्षीच्या खेळाडूंची यादी परवा आली. अठ्ठावन्न नवी नावं. मी ती मांडीवर घेऊन बसलो आणि तशीच घडी करून ठेवली. जे जूनमध्ये नसतील त्यांच्यासाठी फेब्रुवारीत यमकं कशी शोधायची? आणि समज, शोधली. ती पाठ कुणाला होणार? या गावाला पाठ असलेली शेवटची द्विपदी आता तुझ्या गावात राहते, आणि तिथे ती कुणाला ठाऊक नाही.

मंगळवारी सारस आले. मी नदीवर गेलो होतो. पाणी आहे सध्या. उभा राहिलो आणि उगाच ती सकाळ आठवली, तू एकोणीस वर्षांची, मर्ल भावजींच्या गाडीत बसलेली. मी अंगणात उभा राहून तुझ्यासाठी सोळा ओळी म्हटल्या होत्या. तू गाडीची काच वर केली होतीस. थंडी होती, तुझा दोष नाही. पण ओळी ऐकू आल्या का, हे मी बासष्ट वर्षांत विचारलं नाही. आता विचारतही नाही.

पत्र लांबलं. चर्चमधल्या सगळ्यांनी तुझी आठवण काढली (मार्व्हेलाने नाही, ती सध्या माझ्या कुठल्याच नातेवाइकाची काढत नाही). थेंब घाल.

तुझा खचलेला भाऊ,
एल्वुड

ता. क. एक काम होतं. थेरन महिन्यापासून तुमच्या शहरातच आहे. त्याला रविवारी जेवायला बोलाव. तिथल्या लोकांना चिलीबरोबर दालचिनीचा रोल लागतो हे माहीत नाही, आणि तो कुणाकडे मागणार नाही. तुझ्याकडे आला तरी "नको, आजी, पोट भरलंय," असं तीनदा म्हणेल. तू इथलीच आहेस, चौथ्यांदा विचारायचं असतं हे तुला सांगायला नको.

ता. क. आणखी एक. हे वाचून झाल्यावर फाड. फोटोतला अंगठा माझा आहे. ऑगस्टमध्ये कोरड्या नदीवर कविता करावी म्हणून मी पात्रात उतरलो होतो, कविता जमली नाही म्हणून फोटो काढला. करार संपला हे माझ्या तिथेच लक्षात आलं, आणि मी घरी येऊन फोटो टेबलाच्या खणात घातला. शरद ऋतूत तो पळताना मला बघायचा होता, एवढंच माझं म्हणणं आहे त्यावर. मग नव्या वर्षाच्या आठवड्यात थेरन घरी आला. बूट दाराशी काढले. म्हणाला, "सर, त्यांना नाही म्हणून कळवतोय. मी सही केलीय ना." आणि खुर्चीचा हात धरून, आधी एक गुडघा, मग दुसरा, असा हळूहळू बसला. ताई, मी बसतो तसा. एकविसाव्या वर्षी. त्या गुडघ्यांचे अजून दोन-तीन मोसम उरले असतील, आणि आमच्याकडे त्यांच्या बदल्यात अर्धी गाय होती. मी खण उघडला. मार्व्हेलाला कळलं तर मला टोपी घालून पुरावं लागेल.

ता. क. शेवटचा. खरं हेच लिहायला बसलो होतो. तुमच्या त्या प्रचंड मैदानात नावं कुणीतरी रेकॉर्ड केल्यासारखी ओरडतो, यमकाबिमकाची गोष्टच नाही. पण तुझी दर मोसमाची दोन तिकिटं अजून आहेत, मर्ल भावजींची खुर्ची तू सोडली नाहीस, आणि तुझा आवाज भसाडा असला तरी लांब जातो. सप्टेंबरला अवकाश आहे, तोवर वरच्या, 'कुबिक निघाला'वाल्या, दोन ओळी पाठ कर. तो मैदानात आला की उभी राहा आणि म्हण. लोक बघतील, बघू देत. दुसरी ओळ विसरलीस तरी चालेल. फक्त तो वळून हात वर करतो का, तेवढं मला कळव.