खोकल्याच्या औषधाची बाटली

अहो,

कपाटातलं खोकल्याचं औषध घेऊन मी सक्करदऱ्याच्या दुकानात चालली. दुकानवाले रुपरावजी आत्ता स्वतः घरी येऊन गेले. त्या खेपेत कारखान्यातच काही घाण मिसळली म्हणून साऱ्या बाटल्या वापस मागवल्या आहेत. ते म्हणाले, "वहिनी, चंपतरावले उलटी-चक्कर असंन तर लगेच दवाखान्यात न्या. नसंन तरी मनानं औषध बंद करू नका, डॉक्टरकडून दुसरं लिहून घ्या."

मी धावतच कपाटाकडे गेली. बाटली उचलून पाहिली, तर गळ्यापर्यंत भरलेली. अन् रोज विचारलं की तुम्ही "घेतलं" म्हणत होते.

आज मले त्याचा राग नाही आला. देवापुढं साखर ठेवली आहे, ती खा. नवं औषध मात्र माझ्यासमोर घ्यायचं.

जयवंता