बारा व्होल्टचा उजेड

२९ ऑक्टोबर
सौ. तुळशीपाशी पायरी चुकून पडली. गुडघा सुजलाय. तिन्हीसांजेला अंगणात काळोख. उमेश गेल्यापासून बाहेर वायर नेऊच देत नाही. पोराचं वर्षश्राद्ध उरकलं, तरी नाहीच. म्हटलं, निदान तुळशीच्या लग्नाला तरी...
"माका नको तो उजेड. तेणी एकाक खाल्ल्यान, पुरो."


३१ ऑक्टो.
डिचोली बाजार, विजेचं दुकान. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बघितला. घरचा करंट त्यात शिरतो नि सौम्य होऊन बाहेर पडतो. तार हातात धरली तरी झटका नाही. दुकानदार सहज बोलून गेला, "काका, गेल्या वर्सा चवथीआदी तुमका ह्योच दाखयलेलो." मग जीभ चावली त्याने.

दाखवला होता. मीच म्हणालो होतो, "मिणमिणता उजेड नको. चवथ आसा, सुतक न्हय." घरच्या करंटवरची झगझगीत माळ आणली, दारातल्या मांडवाच्या लोखंडी खांबाला करकचून बांधली. माझ्याच हातांनी. खांबाच्या कडेने वायर सोलली गेली असणार. वर पाऊस. गणपतीच्या आरतीला येताना उमेशने ओल्या हाताने खांब धरला...

माळ मी बांधली, हे सौ.ला ठाऊक. दुसरं काही समोर होतं नि मी हसून परत केलं, हे ठाऊक नाही.

३ नोव्हें.
पुन्हा दुकान. पाच दिवे, पाच-पाच वॉटचे. पंचवीस झाले. काठोकाठ नको, तापतो म्हणे, चाळीसचा घेतला. एक हलका होता, एक जड. जडाच्या आत तांब्याची दोन वेटोळी, एकमेकांना न शिवणारी; घरचा करंट थेट बाहेर येऊच शकत नाही. तोच घेतला. बारीकसारीक सगळं विचारलं. गेल्या वर्षी यातलं एक जरी विचारलं असतं! गाढव मी.

९ नोव्हें.
दिवाळी गेली, कंदिलाविना.
ट्रान्सफॉर्मर घरात, भिंतीला. अंगणात फक्त बारा व्होल्ट. तुळशीकडचा दिवा मंद जळत होता, वायर लांब नि बारीक म्हणून. जाड वायर टाकली, सुधारला. सौ. देवळात गेली तेव्हा पेटवून बघितले. अंगण किती दिवसांनी दिसलं. ती यायच्या आत बंद केले. आपल्याच घरात चोर.

१८ नोव्हें.
परवा तुळशीचं लग्न. आज सौ.ला दारापुढच्या बाल्कांवात बाकावर बसवून सगळं दाखवलं. शेवटच्या दिव्याची वायर सोडवली, उघडी टोकं चिमटीत धरली, बटण चालू. काही झालं नाही. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. मग टोकं माझ्या हातातून घेतली नि स्वतः धरली. "सोड गो!" मी ओरडलो. सोडली नाहीत. रडलीही नाही. मलाच हुंदका आला.

"ह्यो तेवा गावत होतो?"

मी बटण बंद केलं. वायर गुंडाळू लागलो.

"ऐकलात? आमचो उमेश आसताना गावत होतो?"

म्हटलं, तेव्हा मिळत होता का, दुकानात विचारून सांगतो.

"विचारून येवा. मगे पेटवया."

उद्या सकाळची डिचोलीची बस धरायची. दुकानात विचारायला काहीच नाही, तरी.