ठमीचं झोपणं आणि माझा ब्रेक

३ जून, सोमवार
आजपासून ठमी स्वतःच्या खोलीत एकटी झोपणार. चार वर्षांची घोडी झाली, आणखी किती दिवस आमच्या मध्ये आडवी पडणार? बायको पुढच्या महिन्यात हॉस्पिटलात नाइट ड्यूटीवर जाणार. त्याआधी पोरीला सवय हवी, असं तिचं म्हणणं. म्हटलं, माझ्यावर सोड. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लटपटणाऱ्या माणसांना मी हायवेवर नेलंय, ही तर ठमी.

४ जून, सकाळ
तिच्या पलंगाशेजारी जमिनीवर झोपलो. पहिल्याच दिवशी शिकाऊ माणसाच्या हाती गाडी देऊन कोणी उतरतं का? ठमी ढाराढूर. माझ्या डोळ्याला डोळा नाही. फरशी गार आहे.

६ जून
खाली गादी घेतली होती, ती आज दारापर्यंत सरकवली. प्रगती. पण रात्री घाबरली तर? आयडिया: आमच्या शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो, तसंच काहीतरी हवं. कपडे वाळत घालायची दोरी घेतली. एक टोक तिच्या उशीला, दुसरं माझ्या पायाच्या अंगठ्याला. भीती वाटली की ओढायची. बायकोने कपाळाला हात लावला. तिला टेक्निकल गोष्टींत गती नाही.

७ जून
दोरी चालते का, हे पाहायला रात्री मीच ओढली. उशी सरकली, ठमी उठून बसली. भीती वाटतेय का, विचारलं. नाही म्हणाली. ज्या पद्धतीने नाही म्हणाली, ती मला संशयास्पद वाटली. थोड्या वेळाने पुन्हा ओढून पाहिली.

८ जून, शनिवार
गाडी शिकायला येणाऱ्या एक काकू मालकांकडे तक्रार घेऊन गेल्या. त्यांचा पाय ब्रेककडे जायच्या आत माझा पोचतो म्हणे, मग त्या शिकणार कशा. जीव वाचवतो त्याचं काही नाही.

११ जून
हॉलमध्ये आलो. दोरी कमी पडली, जुन्या ओढणीची जोड दिली. ठमीने आतून दार लोटून घेतलं. वारा असेल.

१३ जून, पहाट
पाणी प्यायला उठलो, सहज आत डोकावलो. पांघरूण नीट होतं, तरी नीट केलं. पूर्वी झोपेत माझा कान धरायची. आता हात उशीखाली. एकदा तरी दोरी ओढावी तिने. म्हणजे, टेस्टिंग म्हणून.

१५ जून
ओढली! अंगठा सोडवायचं भान राहिलं नाही, दारात आपटलो. ठमी सरकून जागा करत होती. म्हणाली, “बाबा, इथे झोप.” सकाळपर्यंत मेल्यासारखा झोपलो. बायकोला सांगितलं, बघ, पोर अजून तयार नाही. घाई करून चालत नाही, शेवटी अनुभव बोलतो.

१६ जून, रविवार
बायको चहा पिताना हसत होती. ठमीने तिला सगळं सांगितलंय. बाबा बाहेर सारखा कुशीवर वळतो, खोकतो, तिची झोपमोड होते, म्हणून बोलावलं. एकट्याला झोप येत नाही त्याला. आई ड्यूटीवर गेली की बिचाऱ्याचं काय होणार, ही तिला काळजी आहे.

खूप वाईट वाटलं. बायकोसमोर दाखवलं नाही.

रात्री गादी घेऊन निघालो तर ठमीने अडवलं. आज तुझ्याच पलंगावर झोपून बघ म्हणाली. अगदीच भीती वाटली तर ती येईल. दार थोडं उघडं ठेवणार आहे, मला सवय होईपर्यंत.