थोरलीचं खाणं

शेवगाव,
ज्येष्ठ, १९४६

प्रिय मनकर्णेस,

अण्णांचं पत्र पोचलं. दुसऱ्या लग्नाला बंदी येणार म्हणतात, त्याआधी तुझं आणि यांचं उरकून घ्यायचं. सख्ख्या बहिणी, एका रक्ताच्या, गुण्यागोविंदानं राहतील, असं त्यांनी लिहिलंय. मूल न झालेल्या थोरलीनं यावर काय बोलायचं? मी हो कळवलं.

अजून तरी हे तुझे भावोजीच. शाळेत शास्त्र शिकवता शिकवता यांना बेडूक पाळायचा नाद लागलाय. परसातल्या दगडी डोणीत ठेवलेत. त्यांचं खाणं आज माझ्याकडे आहे, उद्या तुझ्याकडे येईल, म्हणून सांगून ठेवते. गांडुळं सगळ्यांत बरी, उकिरड्याच्या कडेला मिळतात. मुंगळे नकोत, चावतात. केसाळ सुरवंट तर मुळीच नको. मेलेलं घालून उपयोग नाही, कारण जे हलत नाही ते बेडकाला दिसतच नाही. मीही चुलीपुढं गप्प बसून बसून यांना दिसेनाशी झाले. नाकतोडा धरलास तर मागचे पाय मोडून सोड. तो हलायला हवा, पण पळता कामा नये. तुला बघायला आले तेव्हा यांनी हेच बघितलं असणार.

आई गेल्यावर नेवाशाला तुला मीच भरवायचे. काऊचा, चिऊचा म्हटल्याशिवाय तू तोंड उघडायची नाहीस. पहिल्यापासून लाडकी, आणि जरा मठ्ठ. राग मानू नकोस.

डोणीत एक मोठी बेडकी होती. मागच्या आठवड्यात यांनी एक पिटुकली आणली आणि दोघींची नावंच ठेवली, थोरली आणि धाकटी. वेगळ्या भांड्यात ठेवू या, असं मी सुचवलं. एका जातीच्या आहेत, राहतील गुण्यागोविंदानं, म्हणत यांनी तिला डोणीत सोडली. सकाळी थोरलीच्या तोंडाबाहेर एक पाय दिसत होता. तोही हळूहळू आत गेला. मी शेवटपर्यंत पाहत उभी राहिले. हे एवढंच म्हणाले, "हललं की ते तिचं अन्न. तिला नातं थोडंच कळतं."

त्याआधी कितीतरी दिवस मी थोरलीला काही घातलं नव्हतं, हे यांना माहीत नाही. तुला मात्र माहीत असावं, म्हणून हे पत्र. अण्णांना नाही म्हणायला अजून वेळ आहे. यायचंच असेल तर खुशाल ये. दारात तुझी ओटी मी भरीन आणि पहिला घासही मीच भरवीन. मला नातं कळतं, म्हणून आधी कळवलं.

तुला भरवणारी,
तुझीच ताई