बेचाळीस घरांचं पाणी

गावाहून,
१९ मार्च २०२५

चि. बेबीनंदा हिस,
जयभीम. अनेक आशीर्वाद लिहायची रीत म्हणून लिहिले, मनातून आलेले न्हाईत.

तुझा नंबर मी मोबाईलमधून काढून टाकलाय. माझी पोरगी पायल तुझ्याकडं राहून शिकते, म्हणून तिच्या हाती हा कागद देऊन राह्यलो. महिला दिनाला तू गावच्या शाळेत भाषण केलंस, पत्रकं वाटलीस, की जारच्या पाण्यात प्लास्टिकचे बारीक कण असतात, त्यापेक्षा बोअरचं पाणी घरीच उकळून गाळून प्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं उभा होतो, मीपण वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून माझे जार बंद होऊ लागले. आजपर्यंत बेचाळीस घरं. ज्या दारात जातो तिथं तेच ऐकतो, की तुमच्या बहिणीनंच सांगितलं, मॅडम शिकलेल्या आहेत.

एमआयडीसीच्या रोलिंग मिलमध्ये अकरा वर्षं तापलेलं लोखंड ओढून मी हा पाण्याचा प्लांट टाकला. बौद्ध वस्तीतल्या माणसानं गावाला पाणी पाजावं, हे कुणाला पटलं नव्हतं. सात वर्षं दारोदार जार पोचवून पटवलं. तू अर्ध्या तासात मोडलंस. आधी भावाला सांगता आलं नसतं का? कॉलेजात केमिस्ट्री शिकवता शिकवता घरची माणसं परकी झाली वाटतं.

कळावे. लोभ किती उरलाय ते तूच बघ.
राजानंद


बदनापूर,
२३ मार्च

आ. दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. तुला न सांगता बोलले ही चूक माझी. रोजनिशीत त्याच दिवशी लिहून ठेवली आहे. पण जे सांगितलं ते खोटं नव्हतं. तुझं आरओ यंत्र पाणी चांगलंच गाळतं, कण त्यातून सहसा जात नाहीत. पुढं मात्र ते पाणी घासून घासून चरे पडलेल्या जारमध्ये भरतोस आणि जार दिवसभर उन्हात टेंपोत फिरतात. तिथं कण पुन्हा येतात. आपल्या बोअरच्या क्षाराच्या पाण्याला सगळे नावं ठेवतात, पण तेच पाच मिनिटं उकळून गार केलं की पांढरा थर बसतो, आणि तो थर बरेचसे कण धरून खाली बसतो. मग सुती कापडातून गाळायचं, एवढंच. भाऊ जार विकतो म्हणून हे बायकांना सांगायचं नाही, असं मला जमणार नाही. सात वर्षांत तू नवे जार घेतले नाहीस, तेही माझ्याच माथी का?

एक कबूल करते. मी ज्या जुन्या साडीच्या घडीतून पाणी गाळत होते, ती सुती समजत होते. पायलनं तिचा धागा ओढून पेटत्या काडीवर धरला. राख झाली नाही, वितळून काळी गोळी झाली. म्हणजे वर्षभर मी प्लास्टिकमधूनच प्लास्टिक गाळत होते. पायल हसून हसून दमली. उरलेल्या सगळ्या पत्रकांवर मी हातानं लिहिलं की कापडाचा धागा आधी जाळून पाहा.

कळावे. राग उतरेपर्यंत आहे तेवढ्या लोभावर भागवते.
बेबी


गावाहून,
३० मार्च

चि. बेबी हिस,
जयभीम.

साडीचा धागा जाळून बघितलास. माणसं न्हाई बघितलीस.

जार जुने झालेत, बराबर बोललीस. मंग एक काम कर. ज्या बेचाळीस घरांनी माझं पाणी सोडलं, त्यांतली किती घरं उकळून पिऊन राह्यलीत, ते स्वतः येऊन बघ. नावांची यादी सोबत आहे. आपल्या वस्तीतलं एकही घर त्यात न्हाई, तेपण बघ. मी काही सांगणार न्हाई. सांगितलं की तू म्हणशील, दादाला जिथं तिथं तेच दिसतं. पुरावा मागायची सवय आहे ना तुला, मंग घे.

येशील तेव्हा माझ्याकडं जेवायला थांबू नकोस. तुझी वहिनी अजून तुझं नाव काढू देत न्हाई.

कळावे. लोभाचं पुढं बघू.
राजानंद


बदनापूर,
७ एप्रिल

आ. दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

परवा गावात येऊन गेले. तुझ्या दारावरून गेले, थांबले नाही. एकोणीस घरं झाली. उकळलेलं पाणी दोन घरांत. बाकी सतरा घरांत निळे जार, तसेच चरे पडलेले. अंबडचा हरिओम म्हणून कुणी आहे, त्याचा टेंपो आणून टाकतो, तुझ्या जारपेक्षा किती तरी जास्त ऊन खाल्लेले. मी विचारलं की यात आणि आधीच्या पाण्यात फरक काय. कुणी चव म्हणालं, कुणी नुसतं हसलं. भाषणाच्या दिवशी मला हार घालणाऱ्या पुष्पाबाईंनी माझं पत्रक जपून ठेवलेलं काढून दाखवलं.

तिथं मी पाणी मागितलं. मांडणीवर स्टीलचे ग्लास पालथे घातले होते. शेजारच्या द्वारकाबाई त्यातल्याच एकातून पीत होत्या. पुष्पाबाई आत गेल्या, पाकीट फोडलं आणि माझ्यासाठी वापरून फेकायचा प्लास्टिकचा ग्लास आणला. म्हणाल्या, मॅडम, तुम्हाला स्वच्छतेचं फार असतं.

त्यांना निमित्त हवं होतं, ते मी छापून दिलं. सांगितलं ते खरं होतं आणि त्यातून घडलं ते वाईट होतं, हे दोन्ही एका पानावर कसं लिहायचं ते सुचत नाही. रोजनिशी तेव्हापासून कोरी आहे.

मी ते पाणी प्याले, दादा.

लोभ असू दे असं म्हणायचा धीर होत नाही.
बेबी


गावाहून,
११ एप्रिल

बेबी,

जार गेले त्याचं दुःख आहे, पण त्याचा राग आता तुझ्यावर न्हाई. राग याचा, की तू प्यालीस. डोळ्यांना न दिसणारे कण तू अख्ख्या गावाला दाखवलेस. हातात धरलेला ग्लास दिसत होता, तेव्हा तोंडातून एक शब्द निघाला न्हाई? त्या ग्लासाचं पत्रक काढ.

आणि पहिल्या पत्रकावर नुसतं बेबीनंदा मॅडम लिहिलंस. आडनाव का न्हाई टाकलंस, ते रोजनिशीला विचार. हे जमलं तरच माझ्या दारात ये.

राजानंद


गावातूनच, तुझ्या पायरीवरून,
२० एप्रिल

आ. दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

रोजनिशीला विचारलं. आडनाव पाहिलं तर लोक ऐकायचे नाहीत, असं मला वाटलं होतं. म्हणजे जे तू दाखवलंस ते मला आधीच माहीत होतं, आणि मी त्याला वाट करून दिली होती.

दुसरं पत्रक काढलं. पाणी उकळायची, गाळायची रीत तशीच ठेवली, ती खरी आहे. खाली लिहिलं की जार कुणाच्याही हातचा असो, कण तेच. एकाचा सोडून दुसऱ्याचा जार घेणाऱ्यांनी माझं नाव पुढं करू नये. त्याखाली ग्लासाची हकीकत, घर कुणाचं ते न सांगता. पहिली प्रत आज पुष्पाबाईंच्या हातात दिली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली. मी पाणी मागितलं, स्टीलच्या ग्लासात द्या असं म्हणून. त्या दारातच उभ्या राहिल्या, मीही. शेवटी म्हणाल्या, पाणी संपलंय. जार त्यांच्या मागंच होता, भरलेला.

यानं तुझं एकही घर परत येणार नाही, उलट उरलेली काही जातील. शिव्या द्यायच्या तर समोर दे. तुझ्या घराला कुलूप आहे, तुम्ही कुठं गेलात कुणी सांगत नाही. कागद दाराखालून सरकवून इथंच बसते आहे.

कळावे. लोभाचं नंतर, आधी पाणी दे.
बेबीनंदा साहेबराव मगरे