समुद्रतळाच्या कॅमेऱ्यासह माझी सर्व मिळकत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार माझ्याच स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि राजीखुशीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डावा कान समुद्राने केव्हाच नेला आणि गुडघे कुरकुरतात. पण डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचाही दाब नाही. न लिहिण्यासाठी मात्र थोरल्या भावाचा आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. खाली स्टुडिओ, मागे डार्करूम, वर दोन खोल्या, असे हे घर माझे स्वकष्टार्जित आहे. समुद्राच्या फोटोंनी मला नाव दिले. घर दिले ते "मान सरळ, हनुवटी जरा खाली" या वाक्याने आणि पासपोर्टच्या फोटोंनी. हे घर आतील सामानासह माझ्या पश्चात माझ्या मुलीने घ्यावे. ती दातांची डॉक्टर आहे.

कलम २. "मुलगी" या शब्दावर तंटा होणार, म्हणून खुलासा करते. ती माझ्या दिवंगत पतींच्या पहिल्या पत्नीची. मी त्या घरात आले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. दत्तक घेण्याचे कागदही तयार झाले होते. ती म्हणाली, "माझी आई होती. मला दुसरी नको." मी कागद ठेवून दिले. तिच्या आईचा एक लहानसा फोटो घरात होता, तो मोठा करून तिच्या खोलीत लावला. त्या फोटोखाली बसून ती अभ्यास करायची. मला तिने कधी कोणत्या नात्याने हाक मारली नाही. काम असले की "ऐक ना" म्हणायची. आज पन्नाशीला आली तरी "ऐक ना"च म्हणते. मी ते माझे नाव समजते.

कागदोपत्री आम्ही एकमेकींच्या कोणी नाही. गेल्या महिन्यात माझ्या भावाने जेवताना सगळ्यांसमोर विचारले, "ती तुझी कोण? घर रक्ताच्या माणसांत राहायला हवं." ती तिथेच होती. तिने ताटे उचलली आणि आत गेली. माझ्या तोंडात घास होता. गिळेपर्यंत भावाने विषय बदलला होता. त्याचे उत्तर म्हणून वरचे कलम वाचावे.

कलम ३. कपाटातील दोन कॅमेरे, निगेटिव्हवरून फोटो मोठे करायचा एन्लार्जर आणि डार्करूमचे सामानही मुलीचे. एन्लार्जरवर शेजारच्या, फोटोंना चौकटी करून देणाऱ्या चौकटवाल्यांची फार दिवसांची नजर आहे. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये. म्हणून मी त्यांनाच विचारले, एन्लार्जर हवा की साक्ष द्यायची? ते थोडा वेळ एन्लार्जरकडे बघत राहिले आणि म्हणाले, "साक्ष देतो. तुम्हाला दुसरं माणूस कुठून मिळणार?"

कलम ४. माझ्या मालकीचा तिसरा कॅमेरा, तो पाण्यात नेण्याचा डबा आणि आतला रोल, ही जंगम मिळकत समुद्राच्या तळाशी आहे. तिचा इतिहास असा.

माझे पती बंदरात जहाजांच्या तळाची तपासणी करणारे पाणबुडे. पाण्याखाली फोटो काढायला मला त्यांनीच शिकवले. पुढे त्यांच्या कानाचे पडदे गेले आणि डॉक्टरांनी त्यांचे बुडणे बंद केले. तेव्हापासून आम्ही जिथे जिथे गेलो तिथे मी खाली आणि ते बोटीत दोरी धरून. म्हणायचे, "खाली तू बघ, वर मी बघतो." असे आम्ही अर्धे जग हिंडलो, बहुतेक ओल्या कपड्यांत.

एका मासिकाने आम्हाला दूरच्या समुद्रात बुडालेल्या जहाजाचे फोटो काढायला पाठवले. मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजला सुट्टी. बापाच्या आग्रहाने आली. बापाने तिलाही पाण्याखाली जायला शिकवले होते. बोटीत माझ्याशी तोंडदेखलेही बोलली नाही. बापाला म्हणायची, "तिला कॅमेऱ्याशिवाय कोणी लागत नाही." माझा एक कान चांगला आहे, हे ती विसरायची. शेवटच्या दिवशी मात्र म्हणाली, "ऐक ना, मलाही खाली यायचंय."

जहाजाच्या पुढच्या टोकापाशी काचेसारख्या आरपार माशांचा थवा होता. ऊन वरून तिरपे येत होते आणि थवा वळला की सगळे पाणी एकदम उजळायचे. तसा उजेड मला नंतर कुठेही मिळाला नाही. मी फोटोमागून फोटो काढत होते. तेवढ्यात कोणी माझा पट्टा ओढला. मुलगी होती. काचेमागे तिचे डोळे मोठे झाले होते आणि ती गळ्यावरून आडवा हात फिरवत होती. तिच्या नळीतून हवा येणे बंद झाले होते.

मी माझी नळी काढून तिच्या तोंडात दिली. तिने श्वास घेतला, पण भीतीने ती वर झेप घेऊ लागली. तेवढ्या खोलातून एकदम वर जाणे म्हणजे फुप्फुसांचा घात. तिला दोन्ही हातांनी धरणे भाग होते. एका हातात कॅमेरा होता. मी मनगटाचा पट्टा सोडवला आणि हात उघडला. तो खाली जाताना मी पाहिला नाही. मी तिच्याकडे बघत होते. दोन श्वास तिचे, दोन माझे, असे करत आम्ही सावकाश वर आलो.

बोटीत बापाने तिला घोंगडीत गुंडाळले. पोटातले पाणी उलटून झाल्यावर तिने मला विचारले, "कॅमेरा?"

"गेला."

"पडला?"

"सोडला. मला दोनच हात आहेत."

तिने तोंड फिरवले. परतीच्या सगळ्या प्रवासात बोलली नाही, पुढेही कित्येक महिने नाही. पतींनी तिला खोदून विचारले तेव्हा म्हणाली, "आता मी तिच्याशी भांडू कशी?" मग एका सुट्टीत डार्करूमच्या दारावर टकटक झाली. "ऐक ना, प्रिंट कशी काढतात?" त्या दिवसापासून अबोला संपला आणि भांडण सुरू झाले. पडद्यांचा रंग, भाजीतले मीठ, माझी औषधे, सगळ्यावर भांडते. सख्खी लेक याहून वेगळे काय करते?

मासिकाने आम्हाला पुन्हा बोलावले नाही. त्याची चुटपुट लागली नाही असे लिहिले तर हे मृत्युपत्र खोटे ठरेल. तो उजेड मला अजून आठवतो. कॅमेरा आठवत नाही. त्याच्यावरचा माझा हक्क मी कोणालाही देत नाही. कोणाला सापडल्यास त्याने तो तिथेच ठेवावा.

कलम ५. निगेटिव्हच्या पेट्या समुद्राचा अभ्यास शिकवणाऱ्या कॉलेजला द्याव्यात. ज्या हॉटेलवाल्यांनी माझे फोटो न्हाणीघरांच्या भिंतींसाठी मागितले, त्यांना एकही देऊ नये. पाण्यात खोल गेले की लाल रंग आधी जातो. ज्या फोटोत तो गेला आहे त्यात कॉम्प्युटरने परत आणू नये.

कलम ६. थोरल्या भावाने मी पहिल्यांदा समुद्रात गेले तेव्हा म्हटले होते, "मासेच बघायचे तर बाजारात जा. तिथे ते हलतही नाहीत." त्याला मी जिन्यातला मोठा फोटो देते. त्यातला मासा खालचा ओठ काढून रुसून बसला आहे. साम्य मी मुद्दाम शोधले नव्हते. सोबत खिडकीतली आरामखुर्चीही त्याचीच, कारण तीत बसला की तो भांडत नाही. मला पोहायला त्याने शिकवले. तो विसरला असेल, मी नाही. घरावर मात्र त्याने किंवा त्याच्या मुलांनी हक्क सांगू नये.

कलम ७. माझ्या मागे सभा आणि भाषणे नकोत. लावायला माझा धड फोटोही सापडणार नाही. फोटोग्राफरच्या घरी हे व्हायचेच.

कलम ८. यात वाटणी नाही, तरी मृत्युपत्रात हे असावे असे मला वाटते. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितले, म्हणून गेल्या आठवड्यात मुलगी मला पोहण्याच्या तलावावर घेऊन गेली. बोटीतल्या त्या दिवसानंतर ती पाण्यात उतरलेली नव्हती. स्वतःच्या मुलांना पोहायला शिकवायला तिने माणूस ठेवला. मला वाटले, ती काठावर टॉवेल घेऊन बसेल. मी कठडा धरून उतरले आणि मागे पाहिले, तर ही पोहण्याच्या कपड्यांत, ओठ घट्ट मिटून शिडीवर उभी.

"तू कशाला?"

"तू पडलीस म्हणजे?"

"पाण्यात कोणी पडतं का?"

"सरक जरा."

ती उतरली. पाणी छातीला लागले तशी तिने माझा दंड पकडला. बोटे गार होती. मग तीच म्हणाली, "जायचं खाली?"

आम्ही बुडी मारली. तिने डोळे उघडे ठेवले होते. वर आल्यावर ती खोकली, केस मागे सारले आणि म्हणाली, "परत."

येणेप्रमाणे माझ्या मिळकतीची व्यवस्था मी समजून उमजून केली आहे. अंमलबजावणी माझ्या वकिलांनी करावी. साक्षीदार समोर बसले आहेत. सही झाली की मी निघणार, कारण आज तलावाचा दिवस आहे आणि खाली ती हॉर्नवर हॉर्न वाजवते आहे.

ठिकाण: राहते घर, डार्करूमशेजारची खोली
दिनांक: ७ मार्च २०२५

मृत्युपत्र करणारी: (सही)

वरील सही आमच्यादेखत झाली. लिहून देणारी पूर्ण शुद्धीत आणि जरा घाईत होती.

साक्षीदार १: शेजारचे चौकटवाले (सही)
साक्षीदार २: गुडघ्यांचे डॉक्टर (सही)